उतरलेला घाणा

त्यांच्यासमोर ‘छान’ म्हणायची सोय नव्हती. ‘मस्त’, ‘बढ़िया’, ‘नाइस’ हे त्या शब्दाचे भाऊबंदही चालायचे नाहीत. बिट्टन मार्केटजवळच्या एका हॉटेलात दर शनिवारी संध्याकाळी ते स्वतः बनवलेली बिअर लोकांना चाखायला देत. लहानशा काचेच्या ग्लासातून, घोट-दोन घोट. मग समोर उभे राहून माणसाच्या तोंडाकडे रोखून बघत आणि विचारत, “कशासारखी?” समोरचा “वा, बढ़िया” म्हणाला की शांतपणे हात पुढे करून ग्लास काढून घेत आणि उरलेली बिअर बेसिनमध्ये ओतत. मला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं, “छान म्हणजे काय? मुलगी बघायला आलात का?”

मला हे लागलं, कारण ‘छान’ हा माझ्या आयुष्याचा आधार होता. मी विमा कंपनीत नोकरीला. साहेबांच्या भाषणापासून शेजाऱ्यांच्या नव्या पडद्यांपर्यंत सगळ्यांना छान म्हणत मी इथवर आलो होतो. पुण्याहून भोपाळला बदली झाली, तेव्हाही ऑर्डर वाचून मी “छान” असंच म्हणालो होतो आणि घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोललो नव्हतो.

त्या हॉटेलात मी गेलो तो एका सहकाऱ्यानं ओढून नेलं म्हणून. दाराशी एक फळा होता आणि त्यावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आज का ताज़ा घाण’. मी तिथंच उभा राहून हसायला लागलो. सहकारी भोपाळचाच, त्याला कळेना यात हसण्यासारखं काय आहे. तेवढ्यात आतून निळा कोट घातलेले एक उंच गृहस्थ आले, त्यांनी फळा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मराठी का?”

झालं होतं असं, की बिअरच्या एका खेपेला ते ‘घाणा’ म्हणत. चकल्यांचा घाणा, अनारशांचा घाणा, तसा बिअरचा घाणा. हिंदीत त्यालाच ‘घान’ म्हणतात. मॅनेजर जुन्या भोपाळातला, अदबशीर माणूस. त्यानं आपला शब्द आणि यांचा ‘ण’ अशी दोघांची अब्रू राखायला मधला मार्ग काढून ‘घाण’ लिहिलं होतं. गिऱ्हाइकांपैकी कोणाचीच तक्रार नव्हती. यांनी फळा पुसला, पण मॅनेजरला काही बोलले नाहीत. मला मात्र म्हणाले की हसून झालं असेल तर आत या, तोंड कोरडं पडायच्या आत.

त्यांचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तरी ते म्हणतील, नाव कशाला, कसा होतो ते सांगा.

जन्म भोपाळचा. वडील इथल्या मोठ्या कारखान्यातल्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेले, हेही त्याच कारखान्यात चिकटले. तिथं तपासणी खात्यात होते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. असं काम माणसाला एकदा लागलं की सुटत नाही. मुदतीआधी निवृत्ती घेतली, बाहेरगावी राहून बिअर करायला शिकले आणि परत येऊन या हॉटेलात काचेच्या भिंतीआड दोन टाक्या उभ्या केल्या. कारखान्यातला निळा कोट तेवढा सोबत आणला. त्याच्या वरच्या खिशात एक छोटी बॅटरी असे. ग्लास उजेडात धरून ते बिअर अशी तपासत, की आत कोणी लपलंय असा आपल्याला संशय यावा.

चाखण्याचे त्यांचे नियम होते. आधी शेंगदाणे खायचे नाहीत. अत्तर लावून यायचं नाही. एकदा एक बडे गृहस्थ खसाचं अत्तर लावून आले, तर त्यांना साबणानं हात धुवायला पाठवलं आणि परत आल्यावर हात हुंगून पुन्हा पाठवलं. ते गृहस्थ पुन्हा कधी फिरकले नाहीत. टाक्यांच्या खोलीत मोबाइल न्यायचा नाही; त्यांचा स्वतःचाही काउंटरच्या खणात पडलेला असे. आणि सगळ्यांचं चाखून झाल्याशिवाय ते स्वतः घोट घेत नसत. पाहुण्यांची पंगत उठल्यावर घरच्यांनी बसायचं, ही रीत त्यांनी बिअरलाही लावली होती.

पहिल्या दिवशी ग्लास हिसकावून घेतला गेल्यानं मी चिडलो होतो. पुढच्या शनिवारी केवळ उट्टं काढायला गेलो. त्यांनी ग्लास दिला, तोंडासमोर उभे राहिले. “कशासारखी?” मी म्हणालो, “वहीच्या ओल्या पुठ्ठ्यासारखी.” खरं तर मला टोचायचं होतं. पण त्यांचा चेहरा पडला. बॅटरी काढून त्यांनी ग्लास पाहिला, काचेच्या भिंतीआड गेले, टाकीशी बराच वेळ वाकून उभे राहिले. परत आले ते दुसऱ्या टाकीतला भरलेला ग्लास घेऊन. म्हणाले, बरोबर आहे, हवा लागली आहे, आता ही सांगा. पुढच्या आठवड्यात तो घाणा फळ्यावरून गेलेला होता. माझ्या एका वाईट शब्दानं टाकी रिकामी झाली होती आणि वर त्यांनी माझे आभार मानले होते. आमच्या ऑफिसात असं कधी झालं नव्हतं. मी दर शनिवारी जायला लागलो.

लोक येत, पण बरेचसे गंमत म्हणून. कार्यक्रमाचं नाव मालकांनी ‘बीयर चखिए’ ठेवलं होतं, आणि भोपाळात चखना म्हणजे पिण्याबरोबरचं खाणं. त्यामुळे अर्धे लोक फुकट भजी मिळतील या आशेवर येत आणि यांच्या प्रश्नात सापडत. एक कॉलेजातला मुलगा घाबरून म्हणाला होता, “अंकल, बीयर जैसी है.” यांनी जरा विचार केला आणि त्याचा ग्लास त्याच्याकडेच राहू दिला. निदान खोटं तरी बोलला नाही, असं म्हणाले.

या सगळ्या कारभारातलं सर्वोच्च न्यायालय मात्र कोटरा सुल्तानाबादला होतं. त्यांच्या घरी, स्वयंपाकघरात. वहिनींनी उभ्या जन्मात बिअरला जीभ लावलेली नाही. पण दर शुक्रवारी हे नव्या घाण्यातली थोडी बिअर कडीच्या डब्यात घालून, स्कूटरच्या हुकाला अडकवून घरी नेत. वहिनी डबा हातभर लांब धरत, झाकण उघडत आणि कालची आमटी हुंगावी तसा एकदाच वास घेत. मग एक शब्द. “कच्ची आहे.” किंवा “जमलीय.” किंवा “उतरलंय.” आमटी उतरते, आंबा उतरतो, तशी बिअरही उतरते हे त्यांनीच ठरवलं. उतरलंय म्हटलं की तो घाणा गेला, त्यावर अपील नाही. मी विचारलं, एवढा विश्वास? तर म्हणाले, कारखान्यातली सगळी यंत्रं अधूनमधून चुकताना पाहिली आहेत, हिचं नाक अजून चुकलेलं पाहिलं नाही.

वहिनी साताऱ्याच्या. लग्न होऊन भोपाळला आल्या त्याला कैक वर्षं झाली, पण त्यांचं हिंदी म्हणजे शेवटी ‘है’ लावलेलं मराठीच राहिलं. भाजीवाल्यांना ते कळतं, रिक्षावाल्यांना कळतं, त्यामुळे सुधारायची वेळ आली नाही. हे मी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं.

हॉटेलच्या मालकांचा मूळ धंदा फरश्यांचा. माणूस वाईट नव्हता, पण टाक्यांकडे पाहताना त्यांना तिथं बसणारी टेबलं दिसत. कोणी गिऱ्हाइकाच्या हातून ग्लास काढून घेतो ही गोष्ट त्यांच्या धंद्याच्या कल्पनेत बसत नव्हती. उन्हाळा सुरू झाला तेव्हा त्यांनी यांना स्पष्टच सांगितलं. येत्या शनिवारी मी माझी माणसं बोलावतो, चार मोठी मंडळी येतील. त्यांना आवडली तर आणखी दोन टाक्या घेऊ. नाही आवडली तर या दोन काढू आणि तिथं वाढदिवसांचा हॉल करू.

यांनी मला हे फोन करून कळवलं. आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. फक्त शेवटी म्हणाले, “तुम्ही या. निदान एक तरी माणूस खरं सांगणारा असू दे.” मला एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत मला खरं बोलण्यासाठी कोणी बोलावलं नव्हतं.

त्या शुक्रवारी डबा घरी गेला, पण वहिनी तुलसी नगरात भजनाला गेल्या होत्या. यांनी डबा ओट्यावर ठेवला आणि शनिवारी सकाळी लवकरच हॉटेलात आले. त्याच दिवशी आंब्याची पेटी यायची होती. वहिनींच्या भावानं पुण्याहून बसमध्ये चढवलेली, इथं शेजाऱ्यांनी उतरवून घ्यायची. दुपारी वहिनींनी भांडी आवरताना डबा पाहिला, झाकण उघडलं. यांचा फोन खणात. म्हणून मॅनेजरला फोन लावला आणि आपल्या हिंदीत निरोप दिला, “उनको बोलना, वो उतर गया है.”

मॅनेजरनं काचेवर टकटक करून निरोप जसाच्या तसा पोचवला. “भाभीजी का फ़ोन था. बोलीं, वो उतर गया है.” यांनी मान डोलावली. पेटी उतरली, छान झालं, असं त्यांना वाटलं; डब्याबद्दल वेगळा निरोप नाही म्हणजे बिअर जमली, असंही त्यांनी धरलं. वहिनी मराठीत बोलल्या असत्या तर ते हातातलं टाकून धावले असते. पण हिंदी माणसाच्या तोंडून हिंदी शब्द आला, तो त्यांनी हिंदीतच ऐकला. दोन्ही भाषा आयुष्यभर वापरणाऱ्या माणसालाच ही चूक करता येते. ज्याला एकच भाषा येते, त्याच्या नशिबी ती नाही.

संध्याकाळी गर्दी झाली. मालकांची मंडळी पांढऱ्या कपड्यांत आली होती आणि मालक दारातच हात जोडून उभे होते. यांनी ग्लास वाटायला सुरुवात केली. पहिला प्रश्न मालकांच्या व्याह्यांना. “किसके जैसी?” व्याह्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “अमचूर. नहीं, अमचूर नहीं, कैरी. जिसमें अभी गुठली न पड़ी हो.” यांचा हात ग्लास काढून घेण्यासाठी अर्धवट पुढे गेला होता, तो तिथंच थांबला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, लोणच्याच्या बरणीचं झाकण काढल्यावर येतो तसा वास आहे. कोणी दह्यावरचं पाणी म्हणालं, कोणी चिंचेचा कोवळा पाला. मी पन्हं म्हणालो, गूळ कमी पडलेलं.

त्या संध्याकाळी एकही माणूस ‘बढ़िया’ म्हणाला नाही. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इतके शनिवार ज्या शब्दांची भीक मागितली ते शब्द आज लोक आपणहून देत होते आणि रिकामे ग्लास पुढे करत होते. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले की लोक शिकले. मला त्यांच्याइतकाच आनंद झाला होता. मालक तर व्याह्यांच्या कानाशी लागून नव्या टाक्या कुठं बसतील ते हातानं दाखवत होते.

पंगत झाली. मग यांनी रीतीप्रमाणे स्वतःचा ग्लास भरला, उजेडात धरला, घोट घेतला.

घोट तोंडातच राहिला. तो गिळून त्यांनी मॅनेजरला बोलावलं आणि विचारलं, दुपारी वहिनी नक्की काय म्हणाल्या होत्या. “यही कि वो उतर गया है.” पेटी असा शब्द काढला होता का? मॅनेजरनं आठवून सांगितलं, नाही, पेटी तर काही बोलल्या नाहीत. यांनी ग्लास खाली ठेवला. काय झालं ते मला तेव्हा समजलं. गप्प राहिले असते तर दोन टाक्यांच्या चार होत होत्या. त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं. एका संध्याकाळपुरतं, माझ्यासारखं व्हायचं होतं.

ते खोलीच्या मधोमध गेले आणि मोठ्यानं म्हणाले, “माफ़ कीजिए. ये बीयर उतर गई है.”

 मग व्याही म्हणाले, “भाई साहब, अभी तो चढ़ी भी नहीं, उतर कैसे गई?” सगळं हॉटेल हसलं. टाळ्या पडल्या. इतका विनोदी माणूस इतके दिवस आपण कडक समजत होतो, असं लोक एकमेकांना सांगायला लागले. यांनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं, तर जास्तच टाळ्या पडल्या. माणसानं भर सभेत गुन्हा कबूल करावा आणि लोकांनी वन्स मोअर द्यावा, असा प्रकार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मालकांनी माझा दंड धरला. “आप तो मराठी हैं. ये क्या बोल रहे हैं?”

मी म्हणालो, “बोल रहे हैं कि ख़राब हो गई है. फेंकनी पड़ेगी.”

मालक हसले. म्हणाले, यांना तर आपली प्रत्येक गोष्ट खराबच वाटते. लोकांना आवडतेय ना, मग झालं. व्याह्यांच्या मुलानं भर घातली की परदेशात अशी आंबट बिअर मुद्दाम करतात, महाग विकतात. यावर मात्र हे वळले. आवाज चढवला नाही, मराठीतच बोलले, बहुधा माझ्याशीच. “मुद्दाम केली तर आंबट. न सांगता झाली तर उतरलेली.”

मग ते काचेच्या भिंतीआड गेले आणि टाकीच्या तळाची तोटी पूर्ण उघडली.

मोरी लहान होती. फेस आधी त्यांच्या बुटांवर आला, मग काचेला भिडला, दाराच्या फटीतून बाहेर पाझरला. कैरीचा तो वास खोलीभर झाला. लोकांनी मोबाइल काढले. आत निळा कोट घातलेला माणूस घोट्यापर्यंत फेसात उभा राहून हातातल्या फडक्यानं तोटी पुसतोय, हे त्या रात्री निम्म्या भोपाळनं पाहिलं. माझ्या पुण्याच्या मावसभावानंही पाहिलं आणि मला विचारलं, तुमच्याकडे हे काय असतं?

दुसऱ्या दिवशी मालकांनी त्यांना बोलावलं. सगळ्यांना वाटलं आता हॉल होणार. पण फरश्या विकून मोठा झालेला माणूस. त्यांनी व्हिडिओ कितीजणांनी पाहिला ते दाखवलं, चहा मागवला आणि सांगितलं की टाक्या राहतील, नव्या दोनही येतील. फक्त महिन्यातून एकदा, शनिवारी, गर्दी असताना तोटी अशीच उघडायची. तेच बोलायचं, तोच कोट घालायचा.

यांनी विचारलं, कोणता घाणा ओतायचा? चांगला की वाईट?

मालक म्हणाले, “कोई सा भी. किसको पता चलता है.”

हे सगळं त्यांनी मला पुढच्या आठवड्यात बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात सांगितलं. खरबुजांच्या ढिगापाशी उभे होते. खरबूजवाला यांना ओळखून होता. न मागता त्यानं एक फळ कापून फोड पुढे केली आणि काय ऐकावं लागतंय या काळजीनं बघत राहिला. यांनी फोड खाल्ली, “पानी ज़्यादा” म्हणाले आणि पैसे देऊन तेच खरबूज घेतलं. मी विचारलं, मग तुम्ही मालकांना काय उत्तर दिलंत? तर म्हणाले, काही नाही, कडीचा डबा घेतला आणि घरी आलो.

मला वाईट वाटलं. स्वतःच्या हातानं उभ्या केलेल्या टाक्या अशा सोडून यायच्या म्हणजे काय, हे त्यांच्या तोंडावर दिसत नव्हतं, म्हणून जास्तच वाटलं. मी नेहमीच्या सवयीनं म्हणणार होतो की होईल सगळं छान. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी तो शब्द गिळला. त्यांनी स्कूटरला किक मारली. “चला घरी. आंबे आलेत.”

कोटरा सुल्तानाबादच्या त्या घरात मी पहिल्यांदाच गेलो. बैठकीच्या खोलीत निळा कोट खुंटीला होता, धुऊन इस्त्री केलेला. वहिनी पुऱ्या तळत होत्या, तिथूनच या म्हणाल्या. यांनी स्वतः आत जाऊन रसाची वाटी आणली, माझ्या हातात दिली आणि समोर उभे राहिले. प्रश्न विचारला नाही, नुसते बघत राहिले.

मी चमचाभर रस तोंडात घातला. यांच्या मेव्हण्यानं एवढ्या लांबून पाठवलेले आंबे. आत वहिनी घामाघूम होऊन पुऱ्या तळतायत. पहिल्यांदा घरी आलेला पाहुणा मी. जिभेवर ‘छान’ तयारच होता, आयुष्यभर असतोच. आणि रसाला शेवटी जरासा, अगदी जरासा, चढलेला वास होता.

मी वाटी खाली ठेवली. म्हणालो, “उतरलाय.”

आतला तळणीचा आवाज चालू होता. यांनी वाटी उचलली, मोरीवर जाऊन ओतली, विसळली. परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते की पाण्याचे शिंतोडे उडाले होते, मी ठरवू शकलो नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “मस्त.”

झारा हातात घेऊन वहिनी दारात आल्या. म्हणाल्या, तो वेगळा काढून ठेवला होता, मोलकरणीलासुद्धा दिला नाही मी, तो कशाला दिलात यांना? उत्तराची वाट न बघता दुसरी, ताज्या रसाची वाटी त्यांनी माझ्यासमोर ठेवली. मग नवऱ्याकडे वळल्या.

“आणि मस्त म्हणजे काय? नीट सांगा की, कशासारखं.”

ज्यांनी हा प्रश्न अख्ख्या भोपाळला विचारला होता, त्यांनी बॅटरीसाठी वरच्या खिशाकडे हात नेला, पण कोट खुंटीला होता.